कोठीपर्यंत दिसणारी लेन्स

राहुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक गाळा, मागे निळा पडदा, पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल आणि लग्नसराईत दुसरा कॅमेरा धरायला येणारा माझा नवरा. लोकांना वाटतं धंदा त्याचा आणि मी मदतीला. पूर्वी मी रागावून दुरुस्ती करायचे. आता करत नाही, कारण बाई फोटो काढते म्हटल्यावर घरातल्या आतल्या खोल्या मला आपोआप मोकळ्या होतात. हळद, बारसं, ओटीभरण, डोहाळजेवण, सगळीकडं मी आत. दुसरे फोटोग्राफर मांडवात खुर्च्या मोजत बसलेले असतात तेव्हा मी चुलीशेजारी चहा पीत असते.

पण आतल्या खोल्या लहान असतात. मांडवात फोटोग्राफर हवं तेवढं मागं सरकू शकतो, फार तर केळीच्या खुंटाला धडकेल. घरात मागं भिंत असते. भिंतीला पाठ टेकवून, पोट आत ओढून, एक पाय कपाटाच्या फटीत घालून फोटो काढला तरी पाटावरची नवरी आणि हळद लावणाऱ्या दोघी एवढंच चित्रात येतं. बाकी दहा बायका नटूनथटून उभ्या असतात, त्या नुसत्या आवाजात येतात. शिंगणापूरच्या बाजूला या बाबतीत बरं आहे. तिथल्या जुन्या घरांना चौकट असते, दार नसतं. मी ओसरीवर उभी राहते आणि चौकटीतून आतलं सगळं टिपते, मध्ये दाराची फळी येत नाही. आमच्या माहेरच्या वस्तीवर मात्र घराला दणकट दारं आहेत आणि ती आतल्या बाजूला उघडतात.

माहेर राहुरीपासून फार लांब नाही. उसाच्या मळ्यात घर, पुढं पत्र्याची पडवी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा ती स्टुडिओत आली आणि स्टुलावर बसून म्हणाली, "ताई, तुझ्या अल्बममध्ये आई कुठंय?"

मला उत्तर माहीत होतं. माझं लग्न झालं तेव्हा वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. फोटोग्राफर श्रीरामपूरचा होता, चांगलं काम करणारा. अल्बम जाडजूड आहे. त्यात आमचा बैलसुद्धा दोनदा आहे. आई एकाच फोटोत आहे, तीही पाठमोरी, डोक्यावर पदर आणि कमरेवर घागर, स्वयंपाकघरात शिरताना. आमच्याकडं हळद सवाष्णींनी लावायची. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईनं तिथं यायचं नाही, असं कोणी तोंडानं सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही, ती आपणहून भिंतीला लागते.

"माझ्या हळदीत आई दिसली पाहिजे," बहीण म्हणाली. "तू काय ते बघ. तू फोटोग्राफर आहेस."

"तिला समोर आणायचं तू बघ," मी म्हणाले.

"ती यायची नाही. म्हणून तर तुला सांगते. ती जिथं उभी असेल तिथपर्यंत तुझा कॅमेरा पोचला पाहिजे."

मग तिनं स्वतःचा मोबाईल पुढं केला. "ह्यात पॉइंट फाइव्ह असतं की. सगळी खोली येते." हे मला रोज कोणी ना कोणी ऐकवतं. मी तिला त्याच मोबाईलवर स्टुडिओचा दिवा मालवून फोटो काढून दाखवला. सगळी खोली आली खरी, पण आम्हा दोघींची तोंडं शाडूची, अजून रंगवायची राहिलेली. मधल्या खोलीला एकच खिडकी आहे, आणि तिच्यासमोर आंब्याचं झाड. बहिणीनं मोबाईल पर्समध्ये टाकला.

अतिरुंद कोनाची लेन्स घ्यायची हे माझ्या डोक्यात तसं आधीपासून होतं. एकदा एका ओळखीच्या फोटोग्राफरची मागून आणली होती, बेलापूरच्या एका लग्नात वापरली आणि तोंडघशी पडले. सगळ्या भावकीचा एकत्र फोटो होता. पाहुण्यांना पंगतीला बसवून नवरदेवाचा मामा धावतपळत शेवटी आला आणि ओळीच्या टोकाला उभा राहिला. या लेन्सचा स्वभाव असा की मधला माणूस आहे तसा राहतो आणि कडेचा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. मामा तसाही अंगानं भरलेला, त्यात त्याचं डोकं पपईसारखं लांबलं आणि पोट चित्राबाहेर निघालं. अल्बम बघून तो म्हणाला, "बाई, सगळ्यास्नी माणूस ठिवलं, मलाच का फुगिवला?" मी लेन्सचा स्वभाव समजावून सांगायला लागले तर म्हणाला, "लेन्सला काय ठावं मामा कोन ते? तुमाला ठावं हुतं." त्याचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडले. तेव्हापासून मी कडेला कधी माणूस ठेवला नाही. कडेला झाड, खांब, फार तर पाण्याचा जार.

आणि आता मला नेमकी कडेचीच बाई हवी होती.

मी नगरला गेले. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीवर तसं लिहिलेलंही असतं, पण तोंडाला नगरच येतं. दुकानदार ओळखीचा. त्यानं विचारलं, "ताई, फोटो जास्त का शूटिंग?" मी म्हणाले, "दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, डाव्या कोपऱ्यात पत्र्याची धान्याची कोठी. कोठी आली पाहिजे." तो हसला, पण त्यानं काउंटरवर लेन्सा मांडल्या.

पहिली माशाच्या डोळ्यासारखी फुगीर काचेची. तिच्यातून दुकानाचं शटर धनुष्यासारखं वाकलं. ती मी लगेच परत दिली, हळदीला घर वाकडं दिसलेलं आमची काकू चालवून घेणार नाही. दुसरी हलकी, स्वस्तातली झूम. शूटिंगला फार सोयीची, कॅमेरा हातातल्या स्टँडवर लावून चाललं तरी मनगट दुखत नाही, आणि दहा एमएमपर्यंत पसरते, आकडा लहान तेवढी खोली जास्त येते. पण उजेड कमी घेते. तिसरी तिच्यापेक्षा जड, अकरापासून पुढची. पसारा केसभर कमी, पण काच मोठी, अंधारात चेहरा धरणारी. बाजारात पसाऱ्याचे आकडे सगळे सांगतात. कडेला ती माणसाचं काय करते हे मात्र घरी नेऊन बघावं लागतं. मी दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतल्या. नवऱ्याला सांगितलं एकच आणली. घरात शांतता राहावी म्हणून काही गोष्टी चौकटीबाहेर ठेवाव्या लागतात.

दुपारी वस्तीवर गेले तर आई पडवीत गहू पाखडत होती. तिच्या मनगटाला दुधाच्या पिशव्यांची रबरं होती. बांगड्या गेल्यावर तिथं रबरं आली. "लागत्यात कशाला तरी," असं ती म्हणते, आणि खरंच लागतात, पापडाच्या पुड्याला, मिरचीच्या पिशवीला, कधी माझ्या वेणीला. मी म्हटलं, "आई, जरा मधल्या खोलीत चल. लेन्स तपासायची आहे."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला नाही कळायचं, लेन्सला कळायचंय. तू नुसती बस."

मी देव्हाऱ्यापुढं, जिथं हळदीचा पाट मांडतात तिथं पाट टाकला. आई थबकली. "मी न्हाई बसायची पाटावर."

"अगं, हळदीला अजून वेळ आहे. आज हा नुसता लाकडाचा पाट आहे. कोणीतरी बसल्याशिवाय मला अंतर कसं कळणार?"

कामाला ती कधीच नाही म्हणत नाही. सुपातला गहू झटकून ती पाटावर बसली, पाय नीट दुमडले, पदर सारखा केला. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, नवरीसारखी मान खाली घालून हसली. मी कपाटाच्या कोपऱ्यात अडकून फोटो काढले. कितीतरी वर्षांनी माझी आई माझ्या कॅमेऱ्याकडं बघून हसत होती आणि मी लेन्सच्या कडा तपासत होते.

"आता ऊठ आणि डावीकडं सरकत जा," मी म्हणाले. "दिसेनाशी झालीस की सांगते."

ती खिडकीपाशी गेली. "दिसते का?"

"दिसतेस."

देवाच्या फोटोंपाशी. "आता?"

"अजून दिसतेस."

कोठीला हात लागला. "आता तरी?"

"दिसतेस की."

"अगं बया! येवढं बगतंय व्हय हे?" तिला मोठीच मौज वाटली. ती कोठीला वळसा घालून पलीकडं गेली, कोठी आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधल्या बोळकांडीत. "आन आता?"

"आता गेलीस."

ती पुन्हा अलीकडं आली, "आली?" पुन्हा पलीकडं, "गेली?" दोन-तीनदा आलीगेली केलं. शेवटी कोठीच्या कडीवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी ह्या कडीपातूर." मी म्हणाले, "हो, कडीपर्यंत." मी खुशीत होते. त्या बोळकांडीत केरसुणी नीट उभी राहत नाही, तिथं कोण उभं राहणार? दोन्ही लेन्सा लावून बघितल्या. दहाची थोडी जास्त बघायची, पण खिडकीपासून लांब गेलं की आईचा चेहरा काळवंडायचा. अकराचीत चेहरा स्वच्छ होता. कोठीपाशी तो जरा ओढल्यासारखा होत होता, पण मामासारखा नाही, आणि आई तशीही सडपातळ. मी अकराची घेतली. भाड्याच्या दोन्ही परत देऊन तीच नवी कोरी घेतली, आणि नवऱ्याला सांगितलं की हीच ती आधीची.

हळदीच्या दिवशी मांडवात पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, डीजे, सगळं होतं. हल्ली तेच जास्त असतं. पण आमच्याकडं नवरदेवाकडची उष्टी हळद आली की ती आधी देवापुढं, मधल्या खोलीतच लागते, घरच्या पाच सवाष्णींच्या हातानं. काकू पुढं होती. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. मी कॅमेरा घेऊन कोपऱ्यात शिरले तशी ती ओरडली, "सख्खी भन तू, आन हातात कॅमेरा? आदी हळद लाव!" मी बहिणीच्या गालाला हळद लावली, साडीला हात पुसले आणि कपाटाच्या फटीत जाऊन उभी राहिले. लेन्सच्या कडेवर माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा आजही आहे.

स्क्रीनवर बघितलं. बहीण, काकू, बाकीच्या सवाष्णी, देव्हारा, खिडकी, कोठी, कोठीची कडी. सगळं आलं होतं. आई नव्हती.

मान वर करून बघितलं तर ती त्या बोळकांडीत उभी होती. कडीच्या पलीकडं, अगदी हातभर. केरसुणी तिनं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली होती. माझी चाचणी तिनं पाठ केली होती. मी लेन्स आणली तिला चित्रात घ्यायला आणि चित्र कुठं संपतं ते मीच तिला दुपारभर शिकवलं होतं.

मला हसू आलं नाही. मी कॅमेरा थोडा डावीकडं वळवला. ती कॅमेऱ्याकडंच बघत होती, तो वळला तशी ती दाराआड झाली. मी सरळ केला, ती परत आली. पुन्हा वळवला, पुन्हा गेली. पाटावरून बहीण माझ्याकडं बघत होती, आली का, असं डोळ्यांनी विचारत होती. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं खाली बघितलं. मला रागच आला, आईचा, त्या बोळकांडीचा, सगळ्याचाच.

"आई, ये ना इकडं!" मी जोरात म्हणाले.

बायकांचं गाणं थांबलं. काकू मागं वळली. तिला सगळं समजलं असावं, कारण ती एरवीच्या मानानं फार हळू बोलली. "जाऊबाई, या की पुढं. आता कोन बगतंय असलं?"

"तुमी लावा," आई म्हणाली. "मी हाय हितं."

"सख्खी आय तुमी. पोरीला बोट लावायला काय हुतंय?"

"काई हुत न्हाई, ठावं हाय मला." आईचा आवाज साधा होता, भाजी किती आणायची सांगावं तसा. "पर उद्या तिच्या घरात भांडं जरी पडलं, तर मलाच वाटल, त्या दिशी मी मधी गेल्ते म्हणून. मला ती धास्ती नगं. लावा तुमी."

वाद घातला असता तर रूढीशी घालता आला असता, मी त्याला तयारही होते. आईच्या धास्तीशी कसा घालायचा? काकूनं पदरानं डोळे टिपले आणि पुन्हा गाणं धरलं. मी आहे ते टिपू लागले.

मग एका उत्साही वहिनीनं कपाळाला लावलेली हळद बहिणीच्या डोळ्यात गेली. "पाणी, पाणी!" बहीण डोळे मिटून ओरडली. सगळ्यांचे हात पिवळे, पुसायला कुणापाशी काही नाही, नुसता गलका. तेवढ्यात कोठीपलीकडून "हं, घे," असा आवाज आला आणि एक हात पुढं आला. हातात ओला पिळलेला फडका. आई तो आधीपासूनच धरून उभी असणार, कारण तो पिळायलासुद्धा वेळ गेला नव्हता. बहिणीनं मिटल्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेनं हात लांब केला. माझं बोट शटरवर होतं, ते दाबलं गेलं. पुढच्या क्षणी काकूनं फडका घेऊन बहिणीच्या डोळ्याला लावला आणि कोठीपलीकडचा हात परत गेला.

लग्न नीट पार पडलं. अक्षतांच्या वेळी आई मांडवाच्या मागच्या खांबापाशी होती. तिथं मी दुसऱ्या लेन्सनं तिचा चेहरा लांबून घेतला. पण बहिणीनं मागितलं होतं ते हळदीतलं.

लग्नसराई ओसरल्यावर मी कॉम्प्युटरवर ते फोटो उघडले. एकेक बघत त्या फोटोशी आले आणि थांबले. डाव्या कडेला कोठी, तिच्या मागून आलेला आईचा हात, बोटांत लोंबणारा फडका, मनगटाला दुधाच्या पिशवीचं रबर. हात अगदी कडेला होता, म्हणून लेन्सनं आपला स्वभाव दाखवला होता. हात ओढला गेला होता, लांबच लांब झाला होता. कोठीपासून निघून देव्हाऱ्यावरून, काकूच्या पाठीमागून तो जवळजवळ पाटापर्यंत पोचला होता. समोरून बहिणीचा पिवळा हात. खऱ्या खोलीत त्या दोघींमध्ये दोन बायका उभ्या होत्या, फोटोत तेवढं अंतर उरलंच नव्हतं.

कडेची ओढ कमी करायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. मामाच्या वेळी मला ती माहीत नव्हती. आता माहीत आहे. मी ती वापरली नाही.

अल्बम घेऊन वस्तीवर गेले. बहीण सासरहून आलेली होती. पहिल्या पानावर मी तपासणीच्या दिवसाचा फोटो लावला होता, रिकाम्या खोलीत पाटावर बसून मान खाली घालून हसणारी आई. बहीण त्यावरून हात फिरवत राहिली. आई म्हणाली, "ह्यो कशाला घातला? ही तर तपासनी हुती." पण पान उलटायला तिनं वेळ घेतला.

मग तो दुसरा फोटो आला. आईनं चष्मा नाकावर सरकवला. "ह्यो हात कुनाचा?" विचारता विचारता तिला रबर दिसलं. ती स्वतःच्या मनगटाकडं बघून पुन्हा फोटोकडं बघू लागली. "माजा हात येवढा लांब हाय व्हय?"

"लेन्सचा दोष आहे," मी म्हणाले. "कडेचं असंच लांबतं. कमी करून देऊ का?"

"नगं," ती म्हणाली. तिच्या हाताची बोटं आणि बहिणीच्या हाताची बोटं यांच्यामध्ये फोटोत थोडी फट होती, तिच्यातून मागची भिंत दिसत होती. आईनं त्या फटीवर आपलं बोट ठेवलं. ते तिथं बरोबर बसलं.

"येवढंच ऱ्हायलं हुतं गं," ती म्हणाली. बोट तिनं तसंच ठेवलं.